जुन्या टर्बो डिझेलचे इंजिनकाम

फियाटचे 1.3 लिटरचे मल्टीजेट इंजिन भारतात अनेक नावांनी धावले. 2007 च्या सुरुवातीला ते मारुती स्विफ्टमध्ये ‘डीडीआयएस’ म्हणून आले, टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये ‘क्वाड्राजेट’ झाले, आणि फियाटच्या स्वतःच्या गाड्यांसाठी पुण्याजवळ रांजणगावला तयार होऊ लागले. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. जुन्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच आता इंजिनकामाला येतात. तक्रार बहुधा एकच असते: ‘टर्बो गेला.’ ही तक्रार अर्धीच खरी असते. टर्बो जातो तेव्हा दोष बहुतेक वेळा ऑइलमध्ये असतो.

जेमतेम 1248 सीसीच्या या इंजिनातून 75 पीएस ताकद मिळते ती टर्बोमुळे. बाहेर पडणाऱ्या तप्त धुरावर टर्बाइनचे चाक फिरते. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचे चाक हवा दाबून सिलिंडरमध्ये पाठवते. हा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो आणि तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. हे ऑइल इंजिनाचेच. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये ते असते तीनेक लिटर, आणि तेवढ्यावरच क्रँकची बेअरिंगे, टायमिंग चेनचा टेन्शनर आणि टर्बो अशी सगळ्यांची भिस्त असते.

ऑइल वेळेवर बदलले नाही की डिझेलची काजळी त्यात साठून गाळ होतो. तो चेंबरमधल्या स्ट्रेनरच्या जाळीवर बसतो आणि ऑइलचा दाब घटतो. खंबाटकीचा घाट चढून आलेली गाडी वर पोचताच बंद केली, तर टर्बोत अडकलेले ऑइल तिथल्या उष्णतेने जळून त्याचा कडक कोळसा होतो. मिनिटभर इंजिन आयडलवर ठेवले तर हे टळते. पुरवठा तुटला की पहिला बळी टर्बोचा, कारण सर्वांत वेगाने फिरणारा भाग तोच. पण तीच उपासमार कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांचीही चाललेली असते. चेन सैल पडून थंड इंजिन सुरू करताना खडखडते, तेही अनेकदा याचेच लक्षण.

टर्बोचे सील गेले तर ऑइल हवेच्या मार्गात उतरते आणि निळा धूर येतो. डिझेलमध्ये यातून मोठा धोका संभवतो. इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत बेफाम पळू लागते आणि चावी काढली तरी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते.

खोलण्याआधी तपासणी हवी. हवेचा पाइप काढून टर्बोच्या शाफ्टचे टोक बोटांनी हलवून पाहतात. आडवा किंचित प्ले चालतो. शाफ्ट आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो बाद. मग खरा गेज लावून ऑइलचा दाब मोजावा आणि कॉम्प्रेशन घ्यावे. कॉम्प्रेशन कमी आलेल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना, त्यात हवा भरतात आणि कान देऊन ऐकतात. ऑइल टाकायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंग किंवा बोअर गेले, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. या एका चाचणीने पुढचा बराचसा खर्च ठरतो, म्हणून ती न करताच ‘हाफ इंजिन करावे लागेल’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

गॅस्केट गेले असेल तर हेड उतरवून सपाट पट्टी आणि फीलर गेजने त्याचा बाक पाहतात आणि तडा आहे का तेही तपासतात. डिझेलमध्ये गॅस्केट वेगवेगळ्या जाडीची मिळतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजूनच जाडी निवडायची असते. अंशांत कोन मोजून आवळायचे हेडबोल्ट ताणलेले असतात, ते नवेच घ्यावेत. खाली बेअरिंगांचा तांबूस थर उघडा पडला असेल तर क्रँक मायक्रोमीटरने मोजावा. ओरखडे खोल असतील तर क्रँक ग्राइंडिंगला जातो, मात्र त्या मापाची बेअरिंगे मिळतात का, हे आधी विचारावे.

टर्बो बसवताना नेमकी घाई होते. जुना ऑइल पाइप तसाच ठेवला तर नवा टर्बोही लवकरच जातो, म्हणून पाइप नवा घ्यावा. चेंबर उतरवून स्ट्रेनर धुवावा आणि ऑइल परत येण्याचा मार्ग मोकळा आहे का ते पाहावे. टर्बोच्या ऑइल फ्लॅंजला सिलिकॉन लावू नये. त्याचा सुटलेला तुकडा भोक बुजवतो. इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल आणि पात्यांचे तुकडे काढावेत. शेवटी टर्बोत हाताने ऑइल ओतून, डिझेलचा पुरवठा तोडून, दाब येईपर्यंत इंजिन नुसते स्टार्टरवर फिरवावे.

भंगार बाजारातून वापरलेले इंजिन आणणे कधी स्वस्त पडते. पण त्याचा इतिहास कळत नाही, शिवाय नव्या इंजिन क्रमांकाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते. बोअर शाबूत असेल तर आपलेच इंजिन बांधून घेणे बरे. बांधलेल्या इंजिनाचे ऑइल आणि फिल्टर पहिल्या हजार किलोमीटरला बदलावेत, आणि गॅरेजच्या बिलात नवा ऑइल पाइप लिहिलेला आहे ना, हे गाडी ताब्यात घेण्यापूर्वी पाहावे.