खडा नेमका कुठे अडकलाय?

मे अखेरीस नवतपा लागला की नागपुरात पारा पंचेचाळिशीला टेकतो. घामावाटे पाणी जातं, लघवी दाट होते आणि तिच्यातले क्षार खडा धरतात. मग एखाद्या रात्री कमरेतून जांघेकडे अशी कळ निघते की माणसाला ना बसवत, ना निजवत. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यात जा की मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांत, सोनोग्राफीनंतर बरेचदा चिठ्ठीवर येतं : 'सीटी केयूबी, प्लेन'. म्हणजे मूत्रपिंड, मूत्रवाहिनी आणि मूत्राशय यांचं सीटी स्कॅन, शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध न देता.

प्लेनच का?

"कॉन्ट्रास्टवालं महाग, म्हणजे चांगलं असेल ना?" नातेवाईक विचारतात. खड्यासाठी नाही. खडा सीटीत पांढरा दिसतो आणि लघवीत उतरलेलं कॉन्ट्रास्टही पांढरंच. त्यात बारका खडा हरवतो. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला सोनोग्राफीला सापडत नाही. प्लेन सीटीत दोन्ही सापडतात.

कधी तंत्रज्ञ मध्येच पालथं झोपायला सांगतो. खडा मूत्राशयात सुटा असेल तर पुढे घरंगळतो. मूत्रवाहिनीच्या तोंडाशी अडकला असेल तर जागचा हलत नाही. मला ही युक्ती फार आवडते.

रिपोर्टातला 'एचयू'

सीटीचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाचं हे घनतेचं माप. १९७१ साली त्यांच्या यंत्रावर पहिला रुग्ण तपासला गेला, १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या मापात पाणी शून्य, हवा उणे १०००. युरिक ॲसिडचा खडा साधारण ५००च्या खाली असतो. तो औषधाने विरघळूही शकतो. हजारावरचा टणक, बाहेरून लाटा मारून फोडायला अवघड. आकडा मिलिमीटरचाही बघा : पाचपर्यंतचे बहुतेक खडे आपसूक पडतात.

कॉन्ट्रास्ट कधी?

न दुखता लघवीतून रक्त आलं, आणि त्यातून विडी-सिगारेट ओढणारा असला, तर गाठ शोधावी लागते. तेव्हा सीटी युरोग्राफी : आधी प्लेन, मग औषध मूत्रपिंडात असताना, शेवटी काही मिनिटांनी ते लघवीत उतरल्यावर. सुई लागताच अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं, होत नाही. त्याआधी मूत्रपिंडाचं काम पाहायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. मधुमेहाची गोळी आणि जुनी ॲलर्जी न विचारता सांगा. मूत्राशयातली बारीक गाठ मात्र सीटीतूनही निसटते, म्हणून दुर्बीण लागतेच.

गर्भवतीला आधी सोनोग्राफी. दरवर्षी खडा होणाऱ्याने कमी किरणांची सीटी होईल का ते विचारावं आणि मागच्या खेपेची सीडी सोबत न्यावी.