लाकडी भुशाची उपयुक्तता : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :

लाकूड कापले जाते तेथे भुसा पडतोच. करवतीचे पाते जेवढे जाड तेवढी लाकडात पडणारी फट रुंद होते आणि त्या फटीतील लाकूड भुशाच्या रूपाने बाहेर येते. सर्वसाधारणपणे ओंडक्याचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग अशा रीतीने फळीऐवजी भुशात जातो. चंद्रपूर-बल्लारपूर परिसरातील सागवानाच्या वखारींपासून ते शहरातील सुताराच्या लहानशा दुकानापर्यंत हा भुसा रोज साचतो. त्यातील काही जाळला जातो, काही कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरला जातो आणि उरलेला उघड्यावर टाकला जातो. पावसात भिजलेल्या ढिगातून झिरपणारे पाणी जवळच्या ओढ्या-नाल्यांतील ऑक्सिजन कमी करते. म्हणजेच निरुपद्रवी वाटणारा हा पदार्थ दुर्लक्षित राहिल्यास प्रदूषक ठरतो.

भुशाचा उपयोग करण्यासंबंधी जगभर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे. या संशोधनातील प्रमुख दिशांचा परिचय करून देणे व कोणत्या भुशाचा कोणता उपयोग प्रथम करावा याचा विचार मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भुशाची घडण :

भुसा म्हणजे बारीक झालेले लाकूडच होय. कोरड्या लाकडात सुमारे ४० ते ५० टक्के सेल्युलोज, २० ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि साधारण तेवढेच लिग्निन असते. सेल्युलोज हे ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी असून त्यामुळे लाकडाला बळकटी येते. हेमिसेल्युलोज आखूड व फांद्या असलेल्या साखळ्यांचे बनलेले असते, तर लिग्निन या सर्वांना सिमेंटप्रमाणे एकत्र धरून ठेवते. याशिवाय प्रत्येक जातीच्या लाकडात काही विशिष्ट द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. सागवानातील टेक्टोक्विनोन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सागाला वाळवी सहसा लागत नाही, त्यामागे अशा द्रव्यांचा मोठा वाटा आहे. भुशाचे बहुतेक सर्व उपयोग या घटकांच्या गुणधर्मांवर आणि कणांच्या बारीकपणावर अवलंबून असतात.

संशोधनाची पूर्वपीठिका :

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८१९ मध्ये सल्फ्युरिक आम्लाच्या साहाय्याने लाकूड व कापड यांसारख्या पदार्थांपासून साखर मिळते हे दाखवून दिले. त्यानंतर १८२९ मध्ये गे-ल्युसॅक यांनी दाहक अल्कलीबरोबर भुसा तापवून ऑक्झॅलिक आम्ल तयार करता येते हे सिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पद्धतीने ऑक्झॅलिक आम्लाचे औद्योगिक उत्पादन होत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जेफ्री पाइक यांच्या कल्पनेतून बर्फात सुमारे १४ टक्के लाकडाचा भुसा किंवा लगदा मिसळून ‘पायक्रीट’ नावाचा पदार्थ बनविण्यात आला. पुढे १९६२ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे मॅक्स पेरुट्झ यांनी त्याचा अभ्यास केला होता. साध्या बर्फापेक्षा तो कितीतरी चिवट असून सावकाश वितळतो. त्यापासून विमानवाहू जहाज बांधण्याची योजना प्रत्यक्षात आली नाही. परंतु लाकडाचे बारीक तंतू ठिसूळ पदार्थाला चिवटपणा देतात, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले.

इंधन म्हणून उपयोग :

महाराष्ट्रातील अनेक घरांत पूर्वी भुशाची शेगडी असे. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली किंवा दांडका उभा धरून भोवती भुसा ठासून भरीत आणि नंतर तो दांडका अलगद काढून घेत. मधल्या पोकळीतून हवा खेळती राहिल्यामुळे भुसा तासन् तास धिमा जळत असे. ही रचना कल्पक होती. मात्र अपुऱ्या ज्वलनामुळे तीतून धूर व कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत असे.

भुसा दाबून त्याच्या कांड्या किंवा गोळ्या बनविणे ही त्यापुढील पायरी होय. आपल्याकडे कारखान्यांच्या बॉयलरसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा कांड्यांना ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. प्रचंड दाबामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने लिग्निन मऊ होते आणि थंड झाल्यावर कण घट्ट बांधून ठेवते. त्यामुळे वेगळा डिंक घालावा लागत नाही. मात्र भुशातील पाण्याचे प्रमाण सुमारे १० ते १२ टक्क्यांपर्यंत खाली आणावे लागते. ताज्या कापलेल्या लाकडाच्या भुशात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते, म्हणून वाळवणीचा खर्च हाच या उद्योगातील कळीचा प्रश्न ठरतो.

फळ्या व बांधकाम साहित्य :

जर्मनीतील मॅक्स हिमेलहेबर यांनी १९३० च्या दशकात लाकडाचे बारीक तुकडे राळेने जोडून फळी तयार करण्याचे तंत्र विकसित केले. आजचा पार्टिकल बोर्ड हा त्याच परंपरेतील आहे. भुशाचे कण आखूड असल्याने केवळ भुशाची फळी वाकताना लवकर मोडते. म्हणून लांबट तुकड्यांबरोबर तो ठरावीक प्रमाणातच वापरतात. सिमेंटमध्ये भुसा मिसळल्यास हलके व उष्णतारोधक ठोकळे मिळतात. परंतु लाकडातील विद्राव्य शर्करा सिमेंट घट्ट होण्याच्या क्रियेत अडथळा आणतात. यावर भुसा आधी गरम पाण्यात किंवा चुन्याच्या निवळीत धुऊन घेणे हा सोपा उपाय आहे. असे ठोकळे भार पेलणाऱ्या भिंतींपेक्षा आतील आडभिंतींना अधिक योग्य होत.

अळिंबी व शेती :

लिग्निनचे विघटन करू शकणारे सजीव फार थोडे आहेत. काही बुरशींमध्ये ही क्षमता असते आणि धिंगरी व शिताके या खाद्य अळिंबी त्यांपैकीच आहेत. भुशात गव्हाचा किंवा भाताचा कोंडा मिसळून, मिश्रण निर्जंतुक करून पिशव्यांत भरल्यास त्यावर अळिंबी वाढते. शिताकेसाठी ओंडक्यांऐवजी भुशाचे ठोकळे वापरल्याने उत्पादनाचा कालावधी वर्षांवरून काही महिन्यांवर आला. येथे मऊ, रुंदपर्णी झाडांचा भुसा उपयोगी पडतो. बुरशीला विरोध करणारा सागाचा भुसा त्यात आल्यास वाढ खुंटण्याची शक्यता असते.

शेतात मात्र कच्चा भुसा थेट मिसळू नये. त्यात नत्राच्या तुलनेत कर्ब कित्येक शेकडा पटींनी अधिक असतो. त्यामुळे भुसा कुजविणारे सूक्ष्मजीव जमिनीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. शेण-गोमूत्राबरोबर दीर्घकाळ कुजवून किंवा अळिंबीचे पीक घेतल्यानंतर उरलेला भुसा खत म्हणून वापरणे श्रेयस्कर ठरते.

जलशुद्धीकरण :

भुशाच्या कणांवर सूक्ष्म छिद्रे व अनेक क्रियाशील रासायनिक गट असतात. त्यांवर रंगद्रव्ये व जड धातू चिकटून राहतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. हिसार येथील गुरू जंभेश्वर विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिसवीच्या भुशाने पाण्यातील मॅलाकाइट ग्रीन हा रंग काढण्याचे प्रयोग केले. फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया केलेल्या भुशापेक्षा सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केलेला भुसा अधिक परिणामकारक ठरला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २०२३ मध्ये भुशाला वनस्पतिजन्य टॅनिनची जोड देऊन पाण्यातील प्लास्टिकचे सूक्ष्म कण ९५ ते ९९.९ टक्क्यांपर्यंत अडविता येतात, असे प्रयोगशाळेत दाखविले. रंग किंवा धातू शोषून घेतलेल्या भुशाची विल्हेवाट कशी लावायची, हा प्रश्न मात्र अशा प्रत्येक पद्धतीत सोडवावा लागतो.

रासायनिक कच्चा माल :

बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये बर्च लाकडाच्या वजनाच्या ७८ टक्के भागाचे फिनॉल, प्रोपिलीन आदी उपयुक्त द्रव्यांत रूपांतर करण्याची प्रक्रिया मांडली. खनिज तेलापासून मिळणारी द्रव्ये लाकडापासूनही मिळू शकतात, हे त्यातून दिसून येते. यात प्रथम लिग्निन काढून घेतले जाते व मगच उरलेल्या भागाचा विचार केला जातो, ही बाब लक्षणीय आहे.

आरोग्य व सुरक्षितता :

ज्या बारीकपणामुळे भुसा उपयोगी ठरतो, त्याच बारीकपणामुळे तो घातकही होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. इंग्लंडमधील फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असल्याचे १९६० च्या दशकातच आढळले होते. हवेत तरंगणारी कोरडी धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेटते. कॅनडात २०१२ च्या जानेवारी व एप्रिल महिन्यांत दोन लाकूड गिरण्यांत असे स्फोट होऊन प्रत्येकी दोन कामगार मृत्युमुखी पडले. आपल्याकडील सुतारकामाच्या बंदिस्त दुकानात तोंडाला रुमाल बांधून काम करणारा कारागीर या धुळीपासून पुरेसा सुरक्षित नाही. भुशापासून कोणतेही उत्पादन घ्यायचे, तर धूळ यंत्राजवळच शोषून घेण्याची सोय ही पहिली गरज मानली पाहिजे.

निष्कर्ष :

१. भुशाचे मोल त्याच्या शुद्धतेवर अवलंबून असते. साग, आंबा, प्लायवूड व रंगविलेले लाकूड यांचा भुसा एकत्र झाल्यास तो अळिंबीला, खताला किंवा जनावरांखाली अंथरण्यास योग्य राहत नाही. म्हणून वर्गीकरण वखारीतच, करवतीजवळ व्हावयास हवे.

२. उपयोगांचा क्रमही महत्त्वाचा आहे. अळिंबी घेतल्यावर खत मिळते आणि फळीचा उपयोग संपल्यावर तिचाही पुनर्वापर शक्य असतो. जाळल्यावर मात्र केवळ राख उरते. इंधन हा शेवटचा पर्याय असावा, पहिला नव्हे.

३. लहान वखारदाराला रासायनिक प्रकल्प परवडणारा नाही. कोरडी साठवण, जातवार वर्गीकरण व जवळच्या अळिंबी उत्पादकाशी जोडणी या गोष्टी मात्र त्याच्या आवाक्यातील आहेत.

सारांश, भुसा हा टाकाऊ पदार्थ नसून सरमिसळ व निष्काळजीपणा यांमुळे तो टाकाऊ बनतो. त्याच्या उपयोगाची सुरुवात प्रयोगशाळेत नव्हे, तर करवतीखाली ठेवलेल्या वेगवेगळ्या पोत्यांपासून होते. ते पोते भरणाऱ्या कामगाराच्या आरोग्याची काळजी हाही त्या उपयोगाचाच भाग आहे.