एमडीच्या पुढची तीन वर्षं

पावसाळा सरत आला की पुण्याजवळच्या मुळशीतल्या गावांतून तापाचे रुग्ण पौडला, पिरंगुटला येऊ लागतात. समजा, त्यांतल्या एका शेतकऱ्याचा ताप आठवडा झाला तरी हटत नाही. डोकं ठणकतंय, खोकला आहे, प्लेटलेट खाली आल्यात, लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेत, क्रिएटिनीनही चढतंय. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात त्याला छातीचे, पोटाचे आणि किडनीचे असे तीन वेगळे डॉक्टर तपासू शकतात, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबरच असतील. पण एखादा फिजिशियन त्याचा शर्ट काढायला लावतो. काखेत, जांघेत, कमरेच्या करगोट्याखाली बघतो. तिथे चटका बसल्यासारखी छोटी काळी खपली सापडते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाने तिचा उल्लेखही केलेला नसतो. गवतात, झुडपांत राहणाऱ्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म जीवाच्या चाव्याची ती खूण. आजार स्क्रब टायफस. डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध वेळेत मिळालं, तर बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो.

ही नजर तयार होते ती एमडी जनरल मेडिसिनच्या तीन वर्षांत. साडेचार वर्षांचं एमबीबीएस, वर्षभराची इंटर्नशिप आणि नीट-पीजी पार करून आलेला डॉक्टर ‘जेआर वन’ म्हणून वॉर्डात दाखल होतो. युनिटचा इमर्जन्सी डे असला की कॅज्युअल्टीतून रुग्णांची रीघ लागते. कुणी विष प्यालेला, कुणाची एक बाजू लुळी पडलेली, कुणाची साखर पाचशेवर. सलाइन लावायची, रक्ताचे नमुने लॅबला पोचवायचे, नातेवाइकांना समजावायचं, केसपेपर पुरे करायचे आणि सकाळच्या राउंडला न अडखळता रुग्ण ‘प्रेझेंट’ करायचा. सरांचा पहिला प्रश्न बहुधा रिपोर्टविषयी नसतोच. नाडी कशी लागली, मानेतली शीर फुगली होती का, पायावर सूज किती, हे ते विचारतात. दुसऱ्या वर्षी हाच डॉक्टर नव्या ज्युनिअरला शिकवू लागतो. तिसरं वर्ष थिसिस आणि परीक्षेत जातं.

इथे थांबलं तर तो फिजिशियन. पुढे जायचं असेल, तर २०१७ पासून देशभर एकच नीट-एसएस ही परीक्षा आहे. तिच्यातून आणखी तीन वर्षांच्या डीएम या अतिविशेष अभ्यासक्रमाला किंवा त्याच तोडीच्या डीआरएनबीला प्रवेश मिळतो. हृदय, किडनी, मेंदू, पोट आणि यकृत, अंतःस्रावी ग्रंथी, रक्तविकार, कर्करोग, संधिवात, क्रिटिकल केअर अशा कितीतरी वाटा तिथून फुटतात. हृदयरोगाचा विद्यार्थी कॅथलॅबमध्ये मनगटातून हृदयापर्यंत तार न्यायला शिकतो, किडनीचा विद्यार्थी बायोप्सी करतो आणि डायलिसिस सांभाळतो, पोटाचा विद्यार्थी एंडोस्कोपीत हात बसवतो. सरळ वाट धरली तरी एमबीबीएसपासून साडेअकरा वर्षं होतात, म्हणजे डॉक्टर तिशीला टेकलेला. त्यावर सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांना महाराष्ट्रात सक्तीच्या सेवेचा बंधपत्रित काळ आहेच.

नीट-एसएसवरून २०२१ मध्ये मोठा वाद झाला. तोवर प्रश्नपत्रिकेचा बराचसा भाग ज्या शाखेत जायचं तिच्यावर असे. परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर असताना नवा आराखडा आला: डीएमच्या वैद्यकीय शाखांसाठी सगळे प्रश्न जनरल मेडिसिनवरच. विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. तरुण डॉक्टरांना सत्तेच्या खेळात फुटबॉलसारखं टोलवू नका, अशा आशयाचे खडे बोल न्यायालयाने सुनावले आणि सरकारने बदल पुढच्या खेपेपर्यंत लांबवला. ऐनवेळी नियम बदलणं चूकच होतं. बदलामागचा विचार मात्र पटण्यासारखा आहे. किडनीचा तज्ज्ञ आधी पक्का फिजिशियन हवा, कारण त्याच्या रुग्णाला मधुमेह, क्षयरोग किंवा स्क्रब टायफस व्हायचा राहत नाही.

कॅनडाने तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या रॉयल कॉलेजने जनरल इंटर्नल मेडिसिनलाच स्वतंत्र उपशाखेचा दर्जा दिला. तीन वर्षांच्या पायाभूत प्रशिक्षणानंतर काही जण हृदयाकडे वळतात, काही पोटाकडे, तर काही आणखी दोन वर्षं ‘सगळं एकत्र’ बघायला शिकतात. एकाच वेळी चार व्याधी असलेला वृद्ध, गर्भारपणातला गुंतागुंतीचा आजार, जिथे अतिविशेष तज्ज्ञ पोचत नाहीत अशा लहान गावातलं रुग्णालय, हे त्यांचं क्षेत्र. आपल्याकडे मात्र एमडीवर थांबलेल्या डॉक्टरला आजही ‘पुढे काही केलं नाही का?’ असं विचारलं जातं. हा प्रश्न अन्यायाचा आहे.

त्याचं उत्तर ताम्हिणी घाट उतरून माणगावच्या पुढे, महाडला सापडतं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे मरणाचं बोलावणं होतं. घाम, थंड पडलेले हातपाय, मग तोंडातून फेस आणि धाप. रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून ते नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. विषामुळे शरीरात अॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, हृदय दमतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मध्ये ते पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधून मेडिसिनचं एमडी करून आले आणि पुन्हा कोकणातच परतले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांची निरीक्षणं छापली. पुढे त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर वापरली. सुमारे ४० टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबतचं त्यांचं संशोधन २०११ मध्ये ‘बीएमजे’त आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. डीएम नसलेल्या एका फिजिशियनचं हे काम जगभरच्या विंचूदंशाच्या उपचारांत वापरलं जातं.

मुळशीत आता लवळ्याला सिम्बायोसिसचं महिलांसाठीचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२० मध्ये सुरू झालेलं. तिथल्या पहिल्या मुलींपैकी कुणी डीएमची वाट धरली, तर ती तज्ज्ञ होऊन बाहेर पडेपर्यंत हे दशक संपलेलं असेल. दरम्यान फिजिशियनची टंचाई आहेच. केंद्राच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने फिजिशियन सुमारे ७९ टक्के कमी होते, आणि त्याच वेळी अतिविशेष शाखांच्या शेकडो जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहत आल्या आहेत.

एक चांगली तरतूद मात्र झाली आहे. एमडी करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला आता तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात काढावे लागतात. पण २०२३ च्या नियमांत त्यासाठी किमान ५० खाटांची अट आहे, आणि राज्यातलं ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचं असतं. म्हणजे हे डॉक्टर औंधच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत येतात, आणि मुळशीच्या खोऱ्यातला तापाचा रुग्ण त्यांना भेटतो तो चांदणी चौक ओलांडून तिथवर पोचला तरच. निदान जनरल मेडिसिनपुरती ही अट शिथिल करून तीनांपैकी एक महिना पौडसारख्या तालुक्याच्या गावी ठेवायला काहीच हरकत नसावी.