हवा कमी केल्यानं टायर वाचत नाही

ऊन तापायला लागलं की बिदरकडच्या संतपूर, औराद, भालकी, कुठल्याही पंक्चरच्या दुकानात एकच फर्माईश ऐकू येते : "अण्णा, उन्हाळा लागलाय, हवा जरा कमीच ठेव." अण्णाही बिनदिक्कत ३३ ची २६ करून देतो. हिशोब असा, की उन्हानं हवा फुगणार, फुगून टायर फाडणार, मग आधीच जागा करून ठेवलेली बरी.

हवा तापली की दाब वाढतो, इथवर खरं. दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय. सकाळी २५ अंशांवर ३३ भरलेला टायर धावून ६५ अंशांपर्यंत तापला, तर आत ३९-४० होतात. मग? कारच्या टायरवर कमाल दाब छापलेला असतो, बहुधा ४४ किंवा ५१. गाडीच्या कंपनीनं सांगितलेला ३३ चा आकडाही थंड टायरचा, पुढची वाढ धरूनच दिलेला. ज्या संकटासाठी हवा सोडली, ते येणारच नव्हतं.

संकट येतं ते हवा सोडल्यामुळे. कमी हवेचा टायर जमिनीला टेकला की जास्त दबतो. त्याची बाजू वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. ताशी ८० च्या वेगाला हे मिनिटाला जवळजवळ सातशे वेळा होतं. लोखंडी तार हातानं पुन्हापुन्हा वाकवून पाहा, तुटण्याआधी बोटाला चटका बसतो. टायरमध्ये अशाच उष्णतेनं रबर आणि आतल्या तारांचे थर सुटू लागतात. शेवटी कलबुर्गीच्या वाटेवर भर दुपारी टायर फुटतो, आणि शिव्या खातं ऊन.

पटत नसेल तर अमेरिकेतलं फायरस्टोन प्रकरण पाहा. ऑगस्ट २००० मध्ये या कंपनीनं सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीवर होते. थर सुटून टायर फाटण्याच्या तक्रारी सर्वांत जास्त आल्या त्या टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांतून. फोर्डनं सांगितलेला दाब होता २६, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवा होता. टायरच्या घडणीतही दोष होते, त्यावरून दोन्ही कंपन्या भांडल्या. पण उष्ण प्रदेश आणि कमी हवा ही जोडी तिथंही होतीच, आणि आपण ती हौसेनं पैसे देऊन जुळवतो!

तेव्हा हवा सकाळी, गाडी निघण्याआधी तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराशी खांबावरच्या स्टिकरवर असतो. भरल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो; लग्नाला घरदार कोंबून निघताना तो पाहायचा. धावून तापलेल्या टायरमधली हवा मात्र सोडू नका.

दुसरं खूळ रुंद टायरचं. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, रिम १४ इंची. एकूण व्यास ६२० मिलिमीटर. १८५/६५ आर १५ चा ६२१.५, म्हणून स्विफ्टच्या वेगवेगळ्या मॉडेलांवर ही दोन्ही मापं येतात. हौसेनं २०५/६५ आर १५ चढवला तर व्यास चार टक्क्यांहून जास्त वाढतो, वेगाचा मीटर तेवढा मागे पडतो, आणि भरल्या गाडीत टायर मडगार्डला घासायची शक्यता वाढते. व्यास राखून नुसती रिम मोठी केली तर रबराची बाजू आखूड होते. पावसाळ्यात पाण्यानं भरलेल्या पहिल्याच खड्ड्यात अलॉय वाकतं.

'थंडीचे टायर' आपल्याकडे निरर्थक. सात अंशांखालीही मऊ राहणारं ते रबर बिदरच्या जानेवारीतल्या दुपारीसुद्धा भराभर झिजेल. जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी घरांत टायरचे दोन संच असतात ते बर्फासाठी, बर्फाळ रस्त्यावर असे टायर तिथं कायद्यानंच लागतात म्हणून. हिवाळ्याचा संच बऱ्याचदा लहान रिमवरचा, अरुंद असतो, कारण अरुंद टायर बर्फात नीट रुततो.

नायट्रोजननं टायर थंड राहतो? साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. नक्षी शाबूत म्हणजे टायर चांगला? बाजूवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला; नक्षी राहिली तरी रबर जुनं होतंच. स्टेपनीवरचेही वाचा, आणि तिच्यात हवा आहे का तेही बघून घ्या.