अंगवळणी पडलेले पाऊल

कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेची पालखी १५९४ पासून पंढरपूरला जाते, असे परंपरा सांगते. त्या दिंडीत टाळाच्या ठेक्यावर पावली खेळणाऱ्याची पोटरी जवळून पाहिली, तर पाय टेकलेला असताना ती गोळा होते आणि पाऊल उचलताच सैल पडते, हे स्पष्ट दिसते. पोटरीचा स्नायू ताणला गेला की त्याची वर्दी मेरुरज्जूपर्यंत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यापर्यंत पोहोचते आणि मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता आकुंचनाचा आदेश परत येतो. हीच प्रतिक्षिप्त क्रिया, आणि निरोगी चालीत मज्जासंस्था ती पाय टेकताना वाढू देते व उचलताना दाबून ठेवते.

मेरुरज्जूला अर्धवट इजा झालेल्या माणसात ही दाबण्याची सोय बिघडते, पोटरी अवेळी आखडते आणि चाल लंगडी होते. जोनाथन वोल्पॉ आणि आयको थॉम्पसन या संशोधकांनी त्यावर शोधलेली शिकवणी दिसायला अगदी साधी आहे: माणूस स्थिर उभा राहतो, गुडघ्यामागच्या खळग्यातील मज्जातंतूला विजेचा हलका झटका दिला जातो आणि पोटरीने दिलेले उत्तर किती मोठे होते, ते समोरच्या पडद्यावरील पट्टीवर तत्क्षणी उमटते. हे उत्तर लहान करायचे असते; ते कसे, हे कोणी शब्दांत सांगू शकत नाही. तरीही एका बैठकीत २२५ वेळा आणि आठवड्यातून तीनदा हे चालले, की बहुतेकांना ते साधते. आरंभी होणारा बदल मेंदूच्या तात्पुरत्या दाबाचा असतो, पण पुढे कित्येक आठवड्यांत मेरुरज्जू स्वतःच बदलतो. माकडांत तर त्याचा मेंदूशी संबंध तोडल्यावरही हा बदल टिकून राहिला. मज्जासंस्थेच्या या घडणशीलतेला ‘अंगवळणी पडणे’ याहून नेमका शब्द सापडणे कठीण.

नुसत्या चालण्याने, मग ते पंढरपूरपर्यंतचे का असेना, हेच साधते असे म्हणणे मात्र घाईचे होईल, कारण चालणाऱ्याला त्या एका क्रियेचे माप समोर दिसत नाही. तरी वर्षानुवर्षांच्या सरावाचा ठसा उमटत असावा: १९९३ मध्ये डेन्मार्कच्या शाही बॅलेतील नर्तकांच्या पोटरीत ही क्रिया इतर कसलेल्या खेळाडूंपेक्षा लहान आढळली.

वोल्पॉ-थॉम्पसन यांच्या शिकवणीच्या २०१३ च्या प्रयोगात मेरुरज्जूला इजा झालेल्या नऊपैकी सहा जणांना ही क्रिया लहान करता आली, त्यांची चाल सरासरी ५९ टक्क्यांनी वेगवान झाली आणि, ज्याला शिकवणी मिळालीच नव्हती, त्या दुसऱ्या पायाचे स्नायूही ठेक्यात आले.