सुटलेला गिलावा : खानदेशातील जुन्या भिंतींची डागडुजी

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील जुन्या गावठाणांत, विशेषतः अमळनेर, पारोळा, एरंडोल अशा गावांत, जी धाब्याची घरे अजून उभी आहेत, त्यांच्या भिंती बहुधा मातीच्या किंवा मातीत रचलेल्या विटांच्या असून त्यांचे ऊनपावसापासून रक्षण करण्याचे काम वरच्या गिलाव्याकडे असते. धाबे म्हणजे लाकडी सर आणि कड्यांवर फळ्या अथवा काटक्या अंथरून वर मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर. पावसाळ्यापूर्वी त्यावर खारी माती पसरण्याचा परिपाठ जिथे मोडला, तिथे पाणी प्रथम भिंतीच्या माथ्यात मुरते आणि मग गिलावा खालपर्यंत सुटत जातो. त्यामुळे धाबे दुरुस्त न करता केलेली भिंतीची डागडुजी पुढच्या पावसापुरतीच टिकते.

चिरांचे कारण अनेकदा पायाखाली असते. येथील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि उथळ पायावरची भिंत तिच्याबरोबर हलते. दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या निघणाऱ्या चिरा ही या हालचालीची नेहमीची खूण होय. अशा चिरेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून एक पावसाळा जाऊ द्यावा. पट्टी तडकली, तर भिंत अजून हलत आहे आणि चीर बुजवण्याची घाई व्यर्थ आहे, असे समजावे.

गिलावा कुठे सुटला आहे, हे बोटाच्या पेराने ठोकून कळते : घट्ट भाग टणक वाजतो, पोकळ भाग बद्द वाजतो. बद्द वाजलेले सगळे छिन्नीने उडवून टाकण्याची आजची रीत सोयीची असली, तरी ती समर्थनीय नाही. कारण सुटलेला थर अखंड असेल, तर त्यात बारीक छिद्रे पाडून, आतली धूळ काढून, पोकळी ओलसर करून, चाळलेल्या चुन्याचे पातळ मिश्रण पिचकारीने आत सोडता येते आणि तो थर गादी लावलेल्या फळीने व टेकूने दाबून ठेवून पुन्हा भिंतीला धरवता येतो. ज्या अजिंठ्याला जाण्यासाठी प्रवासी आजही जळगाव स्थानकावर उतरतात, तेथील चित्रांखालचा मातीचा लेप सुटू लागला, तेव्हा निजामाच्या पुरातत्त्व विभागाने 1920 च्या सुमारास लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन जाणकारांना बोलावले. त्यांनी सैल झालेला लेप पुन्हा बसवला, हे त्यांचे श्रेय. परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडून काळवंडले आणि ते उतरवण्याचे किचकट काम नंतरच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले.

घरगुती भिंतीवर तीच चूक आज सिमेंट आणि प्लास्टिक रंगाच्या रूपाने घडते. चुनखडी सुमारे 900 अंश तापमानाला भाजली की चुनकळी मिळते, ती पाण्यात विरवली की चुना होतो आणि भिंतीवर लागल्यानंतर तो हवेतील कर्बवायू शोषून सावकाश पुन्हा चुनखडीच बनतो. हा थर मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडते व किंचित हालचालही तो सोसतो. सिमेंटचा कठीण थर ओल आत कोंडतो. मागची माती भुसभुशीत होते, क्षार साचतात आणि शेवटी सिमेंटची खपली मातीसह गळून पडते. भरणीचा माल मूळ भिंतीपेक्षा मऊच असावा, हा नियम म्हणूनच मोडू नये. विटेची भुकटी म्हणजे सुरखी, चाळलेली वाळू, तडे आवरण्यासाठी तागाचे तुकडे आणि काही ठिकाणी गूळ व बेलफळाचे पाणी, एवढ्यावर जुने गवंडी काम भागवीत.

लोखंडी गर्डरांमधील विटांच्या कमानींची इंग्रजी अमदानीतील छते हा निराळा प्रश्न आहे. तेथे गंजलेले लोखंड फुगून गिलाव्याला ढकलते, तेव्हा गंज खरवडून लोखंडाला रोगण दिल्याखेरीज नवा थर लावण्यात अर्थ नसतो.

चुन्याला घाई चालत नाही. तो पातळ थरांनी, प्रत्येक थर आवळू देऊन लावावा आणि काही दिवस ओल्या गोणपाटांखाली ठेवावा लागतो. जळगावच्या 45 अंशांच्या वैशाखात तो मुरण्याआधीच वाळून त्याची भुकटी होते. म्हणून ज्यांना घर सावरायचे आहे, त्यांनी धाबे पावसाळ्यापूर्वी आणि गिलावा दिवाळीनंतर हाती घ्यावा.