आयटीआयचा फॉर्म आणि नावाचा घोळ

दहावीचा निकाल लागला की आमच्या कल्याणच्या दुकानात कापड घ्यायला आलेले कारागीर हमखास विचारतात, मुलाला आयटीआयला घालायचे आहे, फॉर्म कुठे मिळेल? भाईसाहेब, फॉर्म आता खिडकीवर मिळत नाही. साऱ्या राज्याचा अर्ज ऑनलाइन असतो. ठाणे-अंबरनाथच्या शासकीय आयटीआयलाही तोच. नुसता भरून भागत नाही. मूळ कागद दाखवून तो निश्चित करावा लागतो, मग ट्रेडचे पसंतीक्रम. पहिली पसंती जपून लिहा. ती मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्या बंद.

आपल्या लोकांचा खरा घोळ नावाचा. आमच्या भाच्याच्या शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’ आणि पुढे शेख, आधारवर ‘मोहं.’ आणि शेख गायब. इलेक्ट्रिशियनची जागा लागली होती. दुरुस्तीसाठी धावाधाव करेपर्यंत मुदत संपली. वर्षभर तो आमच्याकडे कापडाचे तागे मोजत बसला. चूक आमचीच, दाखला कोणी वाचलाच नव्हता. शाळा सुटल्यावर दाखल्यातले नाव बदलणे फार जिकिरीचे. म्हणून मूल नववीत असतानाच शाळेचे रजिस्टर, आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

भाच्याने यंदा पुन्हा अर्ज भरला आहे. पहिली पसंती तीच, इलेक्ट्रिशियन.